माझ्या बदलामुळे रोलअप अडकला, तेव्हा

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरमध्ये मी एक छोटा बदल पाठवला होता: ट्रान्सम्यूट करताना (एका टाइपचे बिट्स जसेच्या तसे दुसऱ्या टाइपचे मानताना) आकार जुळला नाही तर दिसणारा एररचा मजकूर थोडा सोपा केला, सोबत एक टेस्ट. माझ्या पुल रिक्वेस्टवरच्या (बदल सामील करून घेण्याच्या विनंतीवरच्या) तपासण्या हिरव्या झाल्या, मंजुरीही मिळाली. मग तो बदल इतर सात बदलांबरोबर रोलअपमध्ये, म्हणजे एकत्र तपासून मर्ज करायच्या गठ्ठ्यात, गेला आणि अख्खा रोलअप कोसळला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पुल रिक्वेस्टवर मोजक्याच तपासण्या चालतात. सगळ्या प्लॅटफॉर्मवरची पूर्ण चाचणी मर्जच्या रांगेत, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये जाण्याआधी, होते. तिला काही तास लागतात, म्हणूनच कमी जोखमीचे बदल एकत्र बांधतात. एकाचं चुकलं की सगळ्यांचा खोळंबा. मला फार वाईट वाटलं.

लॉग उघडला. फक्त आय-६८६ (३२-बिट इंटेल प्रोसेसर) साठीची चाचणी फेल झाली होती. अपेक्षित आउटपुटमध्ये ‘यूसाइझ’ या पूर्णांकाच्या टाइपपुढे ६४ बिट्स होते, प्रत्यक्षात आले ३२. यूसाइझचा आकार पॉइंटरएवढा (मेमरीतल्या पत्त्याएवढा), त्यामुळे ३२-बिट टार्गेटवर (ज्या प्लॅटफॉर्मसाठी कोड बनतो त्यावर) तो बदलणारच! घरच्या मशीनवर ते टार्गेट देऊन टेस्ट चालवली, तर अगदी तोच फरक.

टेस्टमध्ये ‘ओन्ली-६४बिट’ (फक्त ६४-बिटवर चालव) लिहून सुटता आलं असतं, पण ते मला पटलं नाही. टेस्ट दोन्हीकडे चालायला हवी. यूसाइझऐवजी सगळीकडे ६४ बिट्सचाच असणारा यू-६४ घेतला, ‘ब्लेस’ हा पर्याय देऊन अपेक्षित आउटपुट नव्याने लिहून घेतला. नवा कमिट ढकलल्यावर मंजुरी पुन्हा घ्यावी लागली. या वेळी ‘रोलअप=इफी’ (रोलअपमध्ये घ्यायला जरा जोखमीचा) ही खूण लावायला सांगितलं, म्हणजे बांधणाऱ्याला आधीच कळेल. पुढच्या रोलअपमध्ये बदल मर्ज झाला.