कोणती वस्ती वाईट? खोली ठरवण्यापूर्वी हा वाद कसा घालावा

गोव्यातल्या फोंडा, डिचोली किंवा पेडण्याकडच्या घरातले मूल शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला निघाले की खोली कुठल्या भागात घ्यावी यावरून चवथीला जमलेल्या नातेवाइकांत हटकून वाद होतो. वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते शहर वीस वर्षांपूर्वी पाहिलेले असते आणि उरलेल्यांनी ते केवळ मोबाइलवर आलेल्या चित्रफितींत पाहिलेले असते. तरीही हा वाद टाळू नये. मात्र तो नीट घालावा.

पहिली अट अशी घालावी की, ‘तो भाग वाईट आहे’ असे म्हणणाऱ्याने गुन्हा कोणता, तो कोणत्या वेळी होतो आणि कोणाच्या बाबतीत होतो, हे सांगितले पाहिजे. दोन टोळ्यांच्या वैरातून झालेला खून बातम्यांत आठवडाभर गाजतो, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला मोबाइल हिसकावला जाण्याची किंवा दुचाकी चोरीला जाण्याची काळजी अधिक करावी लागते. मुलींच्या बाबतीत तर ही फोड फारच आवश्यक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांपैकी सुमारे ३१ टक्के गुन्हे पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या छळाचे होते. त्यामुळे ‘त्या शहरात महिलांवरील गुन्हे जास्त’ हे वाक्य बऱ्याच अंशी घरांच्या आत काय चालते ते सांगते; रात्री नऊ वाजता बसथांब्यापासून खोलीपर्यंतचा रस्ता कसा असतो, हे त्यावरून कळत नाही.

कोणी दर सांगितला तर तो कोणत्या लोकसंख्येवर काढला आहे, हे लगेच विचारावे. गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे काढतात आणि त्या लोकसंख्येत फक्त रहिवासी धरलेले असतात. याचा फटका आपल्याला चांगला परिचयाचा आहे: २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख आहे, तर वर्षाला येणारे पर्यटक ८० लाखांहून अधिक आहेत. त्यांच्याशी संबंधित गुन्हे आपल्या खात्यावर जमा होतात, पण भागाकारात ती माणसे नसतात. लहान वस्तीचा दर तर आणखी फसवा असतो. पणजी महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४० हजार धरली, तर वर्षात एकच खून झाला तरी दर २.५ होतो, म्हणजे २०२२ च्या देशाच्या २.१ या दरापेक्षा जास्त. आणि पुढच्या वर्षी एकही झाला नाही तर तो शून्यावर येतो. एवढ्यावरून पणजी धोकादायक झाली किंवा सुधारली, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही, पण पुण्याच्या एखाद्या पेठेबद्दल आपण तेच बिनदिक्कत म्हणतो.

नोंदणी वाढली म्हणजे गुन्हे वाढलेच असे नाही, असा इशारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच देतो. केरळचा दर वर्षानुवर्षे देशात वरच्या क्रमांकांत दिसतो, याचे एक मोठे कारण तिथे तक्रार लिहून घेतली जाते हे मानले जाते. त्याशिवाय एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तरी मोजणीत त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच धरतात.

हद्दींचा घोळ मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडची अनेक मुले हिंजवडी-वाकड भागात नोकरी करतात, पण हा भाग ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात मोडतो; म्हणून पुणे शहर पोलिसांचा आकडा दाखवून हिंजवडीबद्दल काही सिद्ध करता येत नाही. मुंबईत लोकलमध्ये किंवा फलाटावर झालेली चोरी लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवली जाते, त्यामुळे स्थानकालगतच्या पोलीस ठाण्याचे आकडे पाहून तो परिसर निर्धोक आहे, असेही समजू नये.

नावलौकिकाचे वय तपासणे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे मला वाटते. वास्कोतील बायणाची वेश्यावस्ती २००४ मध्ये पाडली गेली, तरी बायणाचे नाव काढताच आजही काही जणांच्या भुवया वर जातात आणि तिथल्या कष्टकरी कुटुंबांना ते मुकाट्याने सोसावे लागते. पुण्यातली बुधवार पेठही वेश्यावस्तीसाठी बदनाम आहे, आणि त्याच पेठेत अप्पा बळवंत चौकात राज्यभरातले विद्यार्थी पुस्तके घ्यायला येतात. शिवाय ‘तिथे कसले कसले लोक राहतात’ असे वाक्य आले की वक्ता गुन्ह्याबद्दल बोलतो आहे की जात, धर्म आणि गरिबीबद्दल, हे स्पष्ट विचारावे. गोव्यात ‘भायले’ म्हणून परप्रांतीयांवर सरसकट ठपका ठेवणाऱ्यांनी आपले मूलही पुण्यात परकेच आहे, हे ध्यानात घ्यावे.

एवढे झाल्यावर प्रत्यक्ष तपास करावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. खोली ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे, तिथले गेल्या दोन-तीन महिन्यांतले अहवाल चाळावेत आणि ठिकाण व वेळ टिपून ठेवावी. दलाल आणि घरमालक यांच्या शब्दापेक्षा हे वाचन अधिक उपयोगी पडते. मग एकदा दिवसा व एकदा रात्री दहानंतर थांब्यापासून खोलीपर्यंत चालत जावे. खाणावळ चालवणाऱ्या बाई, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आणि इमारतीचा रखवालदार यांना ‘हा भाग कसा आहे?’ असे मोघम न विचारता, ‘गेल्या वर्षी या इमारतीतून काय चोरीला गेले? तुम्ही रात्री कोणत्या वाटेने येता?’ असे विचारावे. दोन खोल्यांत निवड अडली, तर उजेडाच्या आणि उशिरापर्यंत दुकाने उघडी असलेल्या रस्त्यावरची खोली मी घेईन, तिच्या पेठेचे नाव ऐकून गावी कोणी नाक मुरडले तरी.