आंबोलीच्या सुट्टीत १६ उत्तर, ७४ पूर्व कसं गाठावं

अक्षांश आणि रेखांशाच्या पूर्ण अंशांच्या रेषा जिथे छेदतात, तिथे पायी जाऊन यायचं, एवढाच हा खेळ. १९९६ पासून जगभर चालू आहे. १०० मीटरच्या आत पोचलात की भेट धरली जाते. १६–७४ चा बिंदू आंबोली गावाच्या उत्तरेला, हवाई अंतराने साधारण चार किलोमीटरवर आहे.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धुकं आणि जळवा, तेव्हा नकोच. करवंदीच्या जाळ्यांसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. वाट वाडीत विचारा, राखीव जंगल लागत असेल तर आधी वनखात्याला. गवा दिसला तर लांबून वळसा.

घरीच उपग्रहचित्र आणि समोच्च रेषा नीट पाहा. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा. पडद्यावरची सरळ रेघ दरी बघत नाही, त्यामुळे ‘फक्त ८० मीटर राहिले’ यावर विश्वास ठेवू नका. ते ८० मीटर आडवे असतात, उभे किती ते फोन सांगत नाही. मध्ये कडा आला तर वरूनच फोटो काढा आणि परत फिरा. १०० मीटरची सवलत अशा वेळी कामी येते.

फोनमध्ये डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसची नेहमीची मोजणी-पद्धत) आणि दशांश अंश ठेवा, पाच स्थळांपर्यंत. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. १५ अंश ५९ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १५.९९१६७, कुणी ते १५.५९३० असं भरलं, तर तो चव्वेचाळीस किलोमीटर दक्षिणेला.

आता शेवटचे दोनशे मीटर. लोक फोनवरच्या बाणामागे धावतात आणि गोल गोल फिरत बसतात. तुम्ही थांबलात की बाणाचा भरवसा नाही, आणि दाट झाडीत, कड्यालगत दहा-वीस मीटरची चूक सहज पडते. बाण बंद करा, आकडे वाचा. दक्षिणेकडून येताना अक्षांश १५.९९ पासून चढत जातो; १६.०० नंतर शून्याखेरीज आकडा आला, तर तुम्ही पुढे गेलात. रेखांश ७३.९९ असेल तर पूर्वेला सरका, ७४.००१ असेल तर पश्चिमेला. एका वेळी एकच आकडा सरळ करा: आधी रेखांश, मग अक्षांश.

चालताना पडद्याकडे बघायचं नाही. उभं राहा, आकडा वाचा, समोरचं एक झाड हेरा, फोन खिशात, झाडापर्यंत जा, पुन्हा वाचा. प्रत्येक वाचनाआधी अर्धा मिनिट स्थिर राहा.

पाचव्या स्थळाचा एक आकडा म्हणजे जेमतेम एक मीटर. तो थरथरतच राहणार. १६.००००३, मग १५.९९९९८, मग पुन्हा १६.०००००. पाचही शून्यांसाठी झुडपात तासभर नाचणं हा शुद्ध वेडेपणा. दोन्ही आकड्यांत चार शून्यं दिसली की आकड्यांसह पडद्याचा फोटो घ्या, मग चारही दिशांचे.

परतताना आलेलीच वाट धरा. दुपारी दोनला जिथे असाल तिथून मागे फिरा.