भुतांची ट्रॅव्हल पोस्टरं करताय? आधी एवढं गोळा करा

जुन्या रेल्वे पोस्टरांच्या स्टाईलमध्ये सातारा-सांगलीकडच्या भुतांची सिरीज करायची असेल तर लॅपटॉप उघडायच्या आधी भूत आणि जागा यांची जोडी ठरवा, कारण पोस्टर शेवटी जागेचं असतं, भूत तिथं पाहुणा. चकव्याला कासचं पठार द्या, सप्टेंबरातलं धुकं, फुलं आणि फिरून फिरून तिथंच येणारी पायवाट. चेहराबिहरा काढायची गरजच नाही, रात्रभर चालून माणूस सकाळी जिथल्या तिथं, हीच तर त्याची करामत, वर ओळ टाका 'कासला या, जायची घाई करू नका'. गिऱ्हा पाण्यातला, म्हणजे कृष्णा आलीच, सांगलीचा १९२९ चा आयर्विन पूल मोठ्ठा काढा आणि खाली पाण्यात नुसते दोन डोळे. मुंजाला पिंपळ लागतोच, साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या घाटावर हवा तर आपल्या मनानं लावा. साती आसरांना, म्हणजे पाण्याकाठच्या सात देवींना, मात्र हात लावू नका, बायका अजून त्यांची ओटी भरतात, त्यांना हडळीच्या लायनीत बसवलं तर लोक चिडणार आणि बरोबरच आहे ते.

गोष्टी नेटवरून उचलण्यापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐका, विचारून रेकॉर्ड करा. कुणाचा वाडा किंवा विहीर ओळखू येईल असं काढू नका, आणि 'सत्यघटना' तर अजिबात लिहू नका, अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या डॉ. दाभोलकरांचा सातारा आहे हा, गोष्ट ही गोष्ट म्हणूनच राहू दे.

मग रेफरन्स. जागेचे फोटो स्वतः संध्याकाळी काढा, सावल्या लांब मिळतात. अक्षरांसाठी 'किर्लोस्कर' मासिकाची जुनी मुखपृष्ठं कुठं मिळाली तर बघाच, १९२० ला आपल्या किर्लोस्करवाडीतूनच निघालेलं. रंग चार-पाचच धरा, लिथो म्हणजे दगडावरच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा म्हणून त्या पोस्टरांत सपाट मोठे रंग दिसतात. रात्र काळी नको, निळी-हिरवी करा. कागद पांढराफेक नको, सायीच्या रंगाचा बरा. खोटे ओरखडे, घड्या, चहाचे डाग वगैरे प्लीज नको, बोअर झालंय ते.

फॉन्ट निवडताना 'गिऱ्हा' टाईप करून बघा, तो 'ऱ्ह' भल्याभल्या फॉन्टमध्ये तुटतो. फाईल ए-थ्री असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, वर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, बघितल्याशिवाय रंग फायनल करू नका, स्क्रीनवरचा झगमगीत हिरवा छापल्यावर मेलेला दिसतो. प्रेसला देताना फॉन्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पीडीएफ द्या, आणि आधी एकच प्रिंट काढून घ्या, ती भिंतीला लावून लांबून बघा, गिऱ्ह्याचे डोळे पुलाच्या आधी दिसले तर अजून बारीक करा.