हाताखाली आलेल्या पोरांना सोयाबीनचा एक हंगाम कसा शिकवायचा

गावातला बारावी झालेला पोरगा, घरातली पुतणी, कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातले कृषीदूत आणि कृषीकन्या. मुरलेल्या शेतकऱ्याच्या रानात शिकायला कोणी ना कोणी येतंच. तो त्यांना बांधावर उभं करून सगळं सांगतो, पोरं माना डोलावतात, आणि पुढच्या जूनमध्ये एकालाही पेरणीचं यंत्र लावता येत नाही. ऐकलेलं डोक्यात राहतं, हातात उतरत नाही.

म्हणून शिकायला आलेल्या पोराला सुरुवातीलाच दहा गुंठे तोडून द्या. एवढ्या रानाला बियाणं साडेसात किलो लागतं. बिघडलं तरी घराचं गणित कोलमडत नाही, आणि चूक डोळ्यांना दिसेल इतकं ते रान मोठं असतं. मजुरीचं पहिल्याच दिवशी बोला. तुमच्या रानातल्या कामाची रोजंदारी गावच्या दराने द्या. त्याच्या दहा गुंठ्यांचा खर्च आणि माल त्याचा. ‘शिकतोय ना, मग कसले पैसे’ म्हणणाऱ्याकडे पोरं दुसऱ्या हंगामाला येत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

पहिला धडा मे महिन्यात, उगवणशक्तीचा. घरचं बियाणं असेल तर प्रत्येक पोत्यात वरून, मधून, तळातून मूठ घालायला लावा. सगळं एकत्र करून त्यातले 100 दाणे मोजायला सांगा आणि त्याच्या बोटांकडे बघत बसा. नवखा हमखास टपोरे दाणे वेचतो. तिथेच थांबवा: हाताला येईल तो दाणा, बारका असो की सुरकुतलेला. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर. वरून दुसरा ओला तुकडा, मग गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडायचं, पण गोणपाटातून पाणी निथळता कामा नये. फार ओलं झालं की चांगला दाणाही कुजतो आणि दोष बियाण्यावर जातो. अशा तीन गुंडाळ्या करा.

सहा-सात दिवसांनी उघडून मोजायला लावा. इथे दुसरी चूक होते. नुसता कोंब डोकावलेला दाणाही पोरं उगवलेल्यांत धरतात. मूळ सरळ आणि कोंब धडधाकट असेल तोच धरायचा. बुरशी आलेला, मूळ तुटकं असलेला, फुगून तसाच राहिलेला बाजूला. तिन्हींची सरासरी 70 किंवा वर आली तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. 60 आली तर 30 ला 70 ने गुणून 60 ने भागायचं: 35 किलो. हे गणित त्याच्याकडूनच करून घ्या. त्याहून फार खाली असेल तर ते बियाणं पेरायचं नाही, धान्य म्हणून विकायचं.

सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं आणि कोंब सालीच्या अगदी लगत. पोतं ट्रॉलीतून आपटलं तरी उगवण घटते. हे नुसतं सांगू नका; एका पसाभर बियाण्याची पिशवी चार वेळा जमिनीवर जोरात आपटून त्याची वेगळी गुंडाळी करा. आकडा शेजारी शेजारी आला की पोरगा जन्मात पोतं आपटत नाही.

बीजप्रक्रियेत क्रम चुकला की सगळं वाया. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू संवर्धकं: मुळांवर नत्राच्या गाठी धरणारं रायझोबियम आणि जमिनीतला स्फुरद विरघळवणारं पीएसबी. पावडरीतलं संवर्धक असेल तर दहा किलोला प्रत्येकी 250 ग्रॅम. बियाणं ताडपत्रीवर हलक्या हाताने खालीवर करायचं, चोळायचं नाही, साल निघतं. हातमोजे घालूनच. वाळवणं सावलीत, आणि त्याच दिवशी पेरणी.

पेरणी कधी करायची हे त्याला ठरवू द्या, पण पर्जन्यमापक रोज त्यानेच वाचून वहीत लिहिलं पाहिजे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. शेजाऱ्याने पेरलं की पोरांचा जीव वरखाली होतो. वहीतला आकडा दाखवा. खोली 3 ते 5 सेंटिमीटर. त्याहून खोल गेलं आणि वर पावसाने मातीची कडक खपली धरली की कोंब मान मोडून आतच मरतो.

पेरणी यंत्राच्या प्रत्येक नळीला प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि रानात दहा मीटर चालवा. दोन ओळींत 45 सेंटिमीटर असतील तर एकरी 30 किलोच्या हिशेबाने प्रत्येक पिशवीत साधारण 33 ग्रॅम यायला हवं. ग्रॅमच्या काट्यावर प्रत्येक पिशवी वेगळी तोला. एकीत 20 आणि दुसरीत 45 आलं तर बेरीज जुळते, पण रानात एक ओळ विरळ, एक दाट. बहुतेक वेळा नळीत माती किंवा कोळ्याचं जाळं असतं, नाहीतर नळी वाकलेली. कारण त्यालाच शोधू द्या, अर्धा तास गेला तरी चालेल.

मुलगी शिकायला आली असेल तर तिला खुरपणीच्या पातीवर धाडून ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती देऊ नका. काटा, यंत्र, बाजारातला भाव, सगळं तिच्याकडूनही करून घ्या.

पेरणीनंतर 30 ते 40 दिवसांनी झाड खणायला लावा. उपटलं तर गाठी मातीतच राहतात. खुरप्याने वीतभर लांबून माती सैल करायची, ढेकळासकट झाड उचलायचं, बादलीतल्या पाण्यात हलकेच धुवायचं. मुळांवरची गाठ नखाने फोडायला सांगा. आत गुलाबी-तांबूस रंग असेल तर ती गाठ हवेतला नत्र झाडाला देते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर कामाची नाही. गाठी कमी असतील तर उत्तर देऊ नका, विचारा: संवर्धकाची पुडी उन्हात पडली होती का? बुरशीनाशकात मिसळली का? रानात पाणी साचलं का? युरिया जास्त पडला का? वहीत नोंद असेल तर उत्तर तोच काढतो.

याच सुमारास चक्रीभुंगा ही कीड येते. देठावर किंवा खोडावर वर-खाली दोन गोल खाचा दिसतात, आणि वरचा भाग लोंबतो. असा भाग खालच्या खाचेच्याही खालून तोडून नष्ट करायचा. दर दोन दिवसांनी ओळींतून फिरण्याची सवय इथेच लावा.

फवारणी अठरा वर्षांखालच्या पोराला करू देऊ नका, कितीही घाई असो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आहेत. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण आधी वाचायला शिकवा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. उपाशीपोटी नाही, वाऱ्याच्या तोंडाला नाही, तुंबलेला नोझल तोंडाने फुंकायचा नाही.

त्याआधी पंपात साधं पाणी घेऊन 10 बाय 10 मीटर, म्हणजे एक गुंठा फवारून घ्या. पाच लिटर लागलं तर एकराला 200 लिटर, 16 लिटरचे साडेबारा पंप. एकरी 100 मिली औषध असेल तर पंपाला 8 मिली. पोरं पंपाला 8 मिलीच टाकतात, पण भरभर चालून सहा पंपांत एकर उरकतात. औषध निम्मंच पडतं, अळी मरत नाही, आणि पुढच्या वेळी ते दुप्पट ओततात.

मळणी झाली की वही घेऊन बसा. त्याच्या स्वतःच्या आणि आईवडिलांच्या राबण्याचे दिवसही मजुरीच्या दराने खर्चात धरा. नफा उरला की नाही हे तेव्हाच खरं कळतं, आणि शेतीवर पोट भरायचं की जोडीला काही करायचं, हे त्या आकड्यावर ठरवता येतं. पदविका किंवा कृषी पदवी घेऊन कृषी सेवा केंद्र काढता येतं, महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळासाठी बीजोत्पादन घेता येतं. पण त्याच्या ऐवजी तुम्ही निवडू नका.

पुढच्या मेमध्ये नवीन पोरगं आलं की गोणपाट आणि बियाण्याचं पोतं या जुन्याच्या हवाली करा. तो शिकवेल, तुम्ही लांब बसा. फक्त एक गुंडाळी स्वतः वेगळी लावा. दोघांच्या आकड्यांत दहाहून जास्त फरक आला तर तिघांनी मिळून पुन्हा दाणे मोजायचे.