बुधवारी संध्याकाळी सायकल काढता येईल असं गाव

पुण्या-नाशिकच्या टेकड्यांवर एमटीबी (माउंटन बाइक) चालवून अमेरिकेत शिकायला आलेली मुलं नोकरी शोधायला लागली, की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, कुठे जाऊ? कामही मिळायला हवं आणि ट्रेलही." मी ॲरिझोनात टेंपीला शिकलो, पुढे काही वर्षं सिएटलच्या पूर्वेकडच्या उपनगरांत नोकरी केली आणि आता आर्कान्सातल्या बेंटनव्हिलमध्ये सप्लाय चेनच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. तिन्ही ठिकाणी सायकल सोबत होती. त्यावरून बनलेलं माझं मत असं, की डोंगर किती उंच आहेत हे बघून शहर निवडू नये. दोन गोष्टी बघाव्यात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, समजा बुधवारी, काम संपवून अंधार पडायच्या आत ट्रेलवर, म्हणजे डोंगर-जंगलातल्या सायकलच्या वाटेवर, तास-दीड तास मिळतो का? आणि हातातली नोकरी गेली, तर त्याच गावात दुसरी मिळेल का?

आधी बुधवारचं बघू. माउंटन बाइकिंग हे हातापायांत मुरणारं कौशल्य आहे. तोच वळणाचा उतार, तोच दगडांचा टप्पा पुन्हा पुन्हा केला की अंगात बसतो. कोथरूड-पाषाणला राहणारा माणूस वेताळ टेकडीवर पटाईत होतो, कारण टेकडी घराच्या मागेच असते आणि ऑफिसच्या आधी एक चक्कर होते. लडाखला वर्षातून एकदा जाऊन ते साधत नाही. अमेरिकेतही तसंच. तीन तासांवरचा जगप्रसिद्ध ट्रेल महिन्यातून एकदा होतो, वीस मिनिटांवरचा साधा ट्रेल आठवड्यातून तीनदा होतो. सायकल त्या तीनदामुळे सुधारते, आणि परक्या देशातले पहिले एकटे महिने सुसह्य होतात तेही त्यामुळेच.

या कसोटीवर मोठी नावं अनपेक्षित ठिकाणी अडकतात. कोलोरॅडोतलं बोल्डर घ्या. सायकलवाल्यांचं गाव म्हणून त्याची ख्याती आहे आणि रस्त्यावरच्या सायकलिंगसाठी ती रास्तही आहे. पण गावाला लागून असलेल्या डोंगरातल्या बहुतेक पायवाटांवर सायकलला बंदी आहे. जवळचा सुरेख ट्रेल म्हणजे बेटासो प्रिझर्व्ह. तिथे बुधवारी आणि शनिवारी सायकल चालत नाही, ते दिवस चालणाऱ्यांसाठी राखून ठेवलेत. डेन्व्हरच्या पश्चिमेला गोल्डनजवळ राहणाऱ्यांचं बरं चालतं. एपेक्स आणि व्हाइट रँच हाताशी असतात. पण डेन्व्हरच्या पूर्वेला घर घेऊन 'शनिवार-रविवार रॉकीजमध्ये' असा बेत करणाऱ्यांचा निम्मा शनिवार आय-सेव्हन्टी महामार्गावरच्या गाड्यांच्या रांगेत जातो. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियाचंही तेच. मरिन काउंटीत १९७६ साली फेअरफॅक्सजवळच्या उतारावर 'रिपॅक' शर्यती सुरू झाल्या आणि आज आपण ज्याला माउंटन बाइक म्हणतो तिचा जन्म त्या परिसरातला. त्याच परिसरातल्या माउंट टॅम डोंगराच्या बहुतेक सिंगलट्रॅकवर (एका वेळी एकच सायकल जाईल अशा अरुंद वाटांवर) आज सायकल न्यायला परवानगी नाही. सांताक्रूझकडे उत्तम ट्रेल आहेत. नोकऱ्यांच्या बाबतीत बे एरियाला तोड नाही, पण सांताक्रूझच्या डोंगराच्या जवळचं घरभाडं आणि सॅन होजेहून तिकडे जाणारा संध्याकाळचा रस्ता या दोन्ही गोष्टींचा हिशेब आधी करा.

दुसरा प्रश्न नोकरीचा. इथे भारतीयांचं गणित गोऱ्या मित्रांपेक्षा वेगळं आहे आणि इंग्रजीतल्या 'राहण्यासाठी सर्वोत्तम दहा बाइक टाउन' छापाच्या याद्या आपल्या कामाच्या नसतात त्या यामुळेच. मोॲब किंवा क्रेस्टेड ब्यूटसारख्या छोट्या सायकलवेड्या गावात राहून लॅपटॉपवर काम करणं नागरिकाला जमतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर कामाची जागा अर्जात लिहिलेली असते. घरून काम करत असाल तर ते घरच कामाची जागा ठरतं आणि त्या महानगर परिसराबाहेर बाडबिस्तरा हलवायचा तर कंपनीला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो. म्हणजे 'मॅनेजर हो म्हणाला' एवढं पुरत नाही. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाचं उत्तर लेखी घ्या. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, आणि आय-९४वरची (देशात राहण्याच्या परवानगीच्या नोंदीवरची) तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढीही नाही. त्यात नवी कंपनी शोधून तिने अर्ज दाखल करायचा असतो. विद्यार्थ्यांना ओपीटीवर (शिक्षणाशी जोडलेल्या कामाच्या परवानगीवर) एकूण ९० दिवस बेकार राहता येतं; स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांसाठीची) मुदतवाढ मिळाली तर दोन्ही काळ मिळून १५०. हे दिवस मोजत असताना घराचा करार मोडून, सायकल आणि संसार गाडीत भरून दुसऱ्या राज्यात जायची वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर तुमच्या क्षेत्रातल्या किमान चार-पाच कंपन्या घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर हव्यात.

ग्रीन कार्डच्या रांगेतही जागेला महत्त्व आहे. पर्म, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा पहिला अर्ज, ठराविक ठिकाणच्या ठराविक नोकरीसाठी असतो. तो चालू असताना शहर बदललं तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात. त्यानंतरचा कंपनीचा अर्ज, आय-१४०, मंजूर झाल्यावर मात्र तुमची प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) साधारणपणे टिकते आणि नवऱ्याला किंवा बायकोला एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. म्हणून मी मुलांना सांगतो, की आय-१४० होईपर्यंत मोठ्या बाजारपेठेच्या शहरात राहा, छोट्या सायकलवेड्या गावाचा विचार त्यानंतर करा.

'मोठी बाजारपेठ आणि बुधवार' या दोन्हींत बसणारं पहिलं शहर माझ्या मते सिएटल, तेही पूर्वेकडची बाजू. रेडमंडला मायक्रोसॉफ्ट, बेलव्ह्यू आणि सिएटलमध्ये ॲमेझॉन, शिवाय असंख्य लहानमोठ्या कंपन्या. इसाक्वाच्या वर डथी हिल नावाचं सायकलसाठीच बांधलेलं जंगल आहे. एव्हरग्रीन माउंटन बाइक अलायन्स या संस्थेच्या स्वयंसेवकांनी त्यासाठी घाम गाळलाय. नवख्याने तिथे सुरुवात करावी, कारण हिरव्या, निळ्या आणि काळ्या खुणांचे (सोपे, मध्यम आणि अवघड) ट्रेल एकाच मैदानातून फुटतात आणि आपली पायरी ओळखून वर जाता येतं. पुढे टायगर माउंटन आणि रेजिंग रिव्हर, आणि सुट्टीच्या दिवशी दीड तासावर बेलिंगहॅमचा गॅलब्रेथ डोंगर. पाऊस असतो, पण तो आपल्या सह्याद्रीसारखा कोसळत नाही, झिरपत राहतो. माती पाणी पिते, ट्रेल बहुतेक वर्षभर चालतात. त्रास पावसाचा नाही, अंधाराचा आहे. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो. तेव्हा बुधवार टिकवायचा तर हेल्मेटवर एक आणि हँडलबारवर एक असे दोन चांगले दिवे हवेत, आणि त्या पार्कमध्ये रात्री परवानगी आहे का तेही पाहायला हवं. राज्याचा प्राप्तिकर पगारावर नाही. घरभाडं ती बचत खाऊन टाकतं.

आता बेंटनव्हिल. मी इथे का आलो हे सांगताना माझा आवाज नेहमी चढतो, कारण हे गाव मला मनापासून आवडतं. सॅम वॉल्टनने १९५० साली या गावच्या चौकात दुकान घातलं आणि वॉलमार्टचं मुख्यालय आजही इथेच आहे. स्लॉटर पेन हा पहिला मोठा ट्रेल २००७मध्ये सुरू झाला. पुढे सॅमचे नातू टॉम आणि स्टुअर्ट वॉल्टन यांनी सायकलच्या वेडापायी आणि वॉल्टन कुटुंबाच्या प्रतिष्ठानाच्या पैशावर या भागाचा कायापालट केला. कोलर, शेजारच्या बेला व्हिस्टातले बॅक फोर्टी आणि लिटल शुगर हे ट्रेल त्यातूनच उभे राहिले. एकट्या बेला व्हिस्टातच शंभर मैलांहून जास्त सिंगलट्रॅक आहे. ट्रेल घरांच्या मागून निघतात आणि काही ठिकाणी रस्त्याखालच्या बोगद्यांतून पलीकडे जातात. क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय बघून बाहेर पडलं की सायकलची वाट जवळच असते. फेएटव्हिलपर्यंत जाणारा डांबरी-काँक्रीटचा रेझरबॅक ग्रीनवे वेगळाच. बुधवारी पाचला लॅपटॉप मिटायचा आणि गाडी न काढता थेट घरातून सायकलवर बसून ट्रेल गाठायचा, हे सुख मला अमेरिकेत दुसरीकडे मिळालं नाही.

उंच डोंगर मात्र इथे नाहीत. चढ छोटे असतात, पण एकामागून एक येतात आणि दोन तासांत पाय पिळून काढतात. ओझार्कचा दगड म्हणजे चुनखडी आणि तिच्यातला धारदार चर्ट (गारगोटीसारखा कठीण दगड). पुण्याच्या सुट्या मुरमावर शिकलेल्याला घसरण्याची सवय असते, पण इथला दगड टायरची बाजू चिरतो, तेव्हा जाड बाजूचे टायर घ्या. मे ते सप्टेंबर दमट उकाडा, गवतात गोचीड. घरी आल्यावर पोटऱ्या आणि गुडघ्यामागची जागा नीट तपासायची सवय लावून घ्या. वादळंही येतात, २०२४च्या मे महिन्यात रॉजर्स आणि आसपासच्या भागाला टॉर्नेडोचा मोठा तडाखा बसला होता. भाड्याचं घर बघताना आडोशाची जागा कुठे आहे हे विचारा.

माणसांची उणीव भासत नाही. वॉलमार्ट आणि तिच्या आयटी कंत्राटदारांमुळे भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, मंदिर आहे, क्रिकेट आहे, गणपतीत घरोघरी मोदकांची आमंत्रणं असतात. मला एरवी कोणी ओळखत नव्हतं त्या गावात पहिली दोन घरं उघडली ती मराठी माणसांनीच.

मग अडचण कुठे आहे? दुसऱ्या प्रश्नात. वॉलमार्ट सोडलं तर लोवेलला जे. बी. हंट आणि स्प्रिंगडेलला टायसन या मोठ्या कंपन्या, आणि वॉलमार्टला माल पुरवणाऱ्या शेकडो कंपन्यांची स्थानिक कार्यालयं. रिटेल, सप्लाय चेन, डेटा या क्षेत्रांत असाल तर हे पुष्कळ आहे. चिप डिझाइन किंवा औषधनिर्मितीवाल्याला इथे दुसरं दार जवळजवळ नाहीच. शिवाय यातल्या बऱ्याच नोकऱ्या शेवटी एकाच कंपनीच्या खरेदीवर अवलंबून आहेत. त्या कंपनीने हात आखडला की पुरवठादारही आखडतात. मी आय-१४० मंजूर झाल्यावर इथे आलो, आणि ज्यांचं झालेलं नाही त्यांना मी इथे यायचा आग्रह करत नाही. जोडीदाराच्या नोकरीचंही बघा. बायको शाळेत शिकवणारी किंवा नर्स असेल आणि कामाचा परवाना असेल, तर राज्याचा परवाना वगैरे सोपस्कार करून छोट्या गावातही काम मिळतं. बायोटेकमधल्या संशोधकाची मात्र कुचंबणा होते.

एमएसला येणाऱ्यांनी टेंपी-चँडलरकडे दुर्लक्ष करू नये. साउथ माउंटन या डोंगराचं पिमा कॅनियनचं प्रवेशद्वार विद्यापीठापासून अगदी जवळ आहे. डेझर्ट क्लासिक हा नवख्यांसाठी, नॅशनल ट्रेल हा पक्क्या हातांसाठी. चँडलरला इंटेल, फिनिक्सच्या उत्तरेला टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना शिक्षणानंतरही थांबता येतं. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो, तेव्हा बुधवारची संध्याकाळ विसरा. पहाटे पाचला निघायचं आणि आठच्या आत घरी. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरपूर ठेवा आणि पिशवीत एक कंगवा असू द्या. चोया नावाच्या निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला की तो हाताने काढायचा नसतो, कंगव्याने उडवायचा असतो. युटामध्ये लीहाय-ड्रेपरच्या पट्ट्याबद्दलही लोक आवर्जून सांगतात: सॉफ्टवेअर कंपन्या आणि कॉर्नर कॅनियन शेजारी शेजारी. जानेवारीत त्या खोऱ्यात धूर साचून हवा वाईट होते. दमा असणाऱ्यांनी तो महिना तिथे काढून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

पाहून ठरवायचं ते वाईट महिन्यातच. सिएटल नोव्हेंबरात, फिनिक्स जूनमध्ये, बेंटनव्हिल ऑगस्टमध्ये. ज्या वस्तीत भाडं परवडणार आहे तिथेच उतरा, भाड्याने सायकल घ्या आणि ऑफिस सुटायच्या वेळेला निघून बघा. ट्रेलफोर्क्स ॲपवर ट्रेलचा एकूण आकडा बघू नका. हिरवे आणि निळे ट्रेल किती, अलीकडे लोकांनी स्थिती कधी नोंदवली आणि सायकलला परवानगी कुठल्या दिवशी, ते बघा. स्थानिक संस्थेचा ट्रेलच्या श्रमदानाचा दिवस असेल तर फावडं हातात घ्यायला जा. गावातल्या चालवणाऱ्यांशी खरी ओळख तिथेच होते आणि कुठली कंपनी माणसं घेतेय हेही तिथे कळतं.

मुलं असतील तर शाळकरी मुलांच्या एमटीबी लीगची चौकशी करा. नायका नावाची राष्ट्रीय संघटना आहे. तिच्या संघांमध्ये साधारण सहावी ते बारावीची मुलं प्रशिक्षकांबरोबर सराव करतात.

आणि ऑफर हातात आली की सही करण्याआधी एचआरला चार गोष्टी विचारा. अर्जात कामाचा पत्ता कुठला लिहिणार? आठवड्यात किती दिवस ऑफिसला यावं लागेल, आणि ते दिवस कोणते? ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू होते? आरोग्यविम्याचं डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम) किती, आणि गावातलं कुठलं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये येतं? शेवटचा प्रश्न टाळू नका. या खेळात कधी ना कधी कॉलरबोन किंवा मनगट मोडतं, आणि ॲम्ब्युलन्स कुठे न्यायची हे सांगायच्या स्थितीत आपण तेव्हा नसतो. हॉस्पिटलचं नाव सोबत चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. घर पहिल्या वर्षी भाड्यानेच घ्या, जमलं तर सहा महिन्यांच्या करारावर. कुठल्या ट्रेलच्या जवळ राहायचं हे एक उन्हाळा आणि एक हिवाळा गेल्यावरच कळतं.