गच्चीवर अंजिराच्या वेगवेगळ्या जाती लावायच्या कशा अन् चाखायच्या कशा

आपल्याकडं अंजीर म्हणजे एक तर दोरीत ओवलेलं सुकं नाहीतर पुण्याकडून खोक्यात येणारं ताजं, बास, तिसरं काही असतं हेच कुणाला म्हायती नसतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचं कौतुकच आहे, पण आपल्या मराठवाड्यातच दौलताबादचं अंजीर आहे अन् त्यातूनच निवड करून काढलेली दिनकर नावाची जात आहे हे लातुरात दहा जणांना विचारलं तर नऊ जण तोंडाकडं बघत बसतात. म्हणून पहिलं झाड लावायचं तर दिनकर लावा, ते आपल्या उन्हाला सरावलेलं आहे, फॅन्सी नावांच्या मागं नंतर लागा.

आता ती फॅन्सी नावं. ब्राऊन टर्की सगळीकडं मिळतं, वाढायला सोपं, चवीला बरं, फार काही नाही. कडोटा बाहेरून हिरवट-पिवळं अन् आत मधासारखं. व्हायोलेट द बोर्डो छोटं, जवळजवळ काळं, आत लालभडक, जॅमसारखी चव, अन् झाडही आटोपशीर ऱ्हातं म्हणून कुंडीला सगळ्यात बेस्ट. पनाशे म्हणजे हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचं, दिसायला लई भारी पण पिकायला उशीर लावतं, धीर नसेल तर नका घेऊ. एक मात्र लक्षात ठेवा, स्मिर्ना किंवा कालिमिर्ना असं नाव असलं तर हात जोडून परत या. त्या जातीचं फळ धरायला एका बारक्या गांधीलमाशीनं आत शिरून परागीकरण करावं लागतं, ती आपल्याकडं नाही, मग सगळी फळं हिरवीच गळून पडतात. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात ना, अंजिराचंही तसंच, फुलं सगळी फळाच्या आतच. याच कारणानं सुक्या अंजिराच्या बिया पेरून झाड करू नका, उगवतात मस्त, पण निघेल ते बहुतेक नर झाड नाहीतर या माशीवर अवलंबून असलेलं.

रोप घेण्यापेक्षा काडी लावलेली बरी. मी एका नर्सरीतून 'ब्लॅक' म्हणून साडेतीनशेला रोप आणलं, दोन वर्षं लेकरासारखं सांभाळलं अन् फळ आलं तर चक्क आपलं नेहमीचंच पुणेरी! तेव्हापासून ज्याच्या झाडाचं फळ मी स्वतः खाल्लंय त्याचीच काडी आणतो. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची, मागच्या वर्षीची पक्की काडी घ्यायची, चीक थांबेपर्यंत सावलीत ठेवायची अन् दोन डोळे मातीत जातील अशी लावायची. पानं फुटली की लोकांना वाटतं जगली, तसं नसतं, पानं काडीतल्या साठ्यावर फुटतात, मुळ्या नंतर येतात. माझ्या पहिल्या पाच काड्या मी याच आनंदात उन्हात नेऊन ठेवल्या अन् चार दिवसांत पाचही गेल्या.

मुळ्या भरल्या की पेंटची २० लिटरची बादली घ्या, बुडाला अन् बाजूला भोकं पाडा. नुसती काळी माती बिलकुल नको, पावसात चिखल अन् उन्हात वीट होते, मुळ्या गुदमरतात. मी एक भाग काळी माती, एक भाग मुरूम अन् एक भाग जुनं शेणखत घेतो. बादली स्लॅबवर डायरेक्ट ठेवू नका, खाली दोन विटा द्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर गेला की दुपारी ग्रीन नेट पाहिजेच, अन् वर उसाचं पाचट टाकलं तर ओल टिकते. अंजिराला पाणी कमी लागतं हे खरं, ज्या लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हे झाड म्हणूनच जमतं, पण बादलीतल्या झाडाला थोडं का होईना नेमानं लागतं. आठ दिवस विसरायचं अन् मग बादलीभर ओतायचं असं केलं की फळ तडकतं.

खरी गंमत बहाराची. पावसाळ्यात येतो तो खट्टा बहार, त्याची फळं पाणचट, आंबूस, त्यातच पानांवर तांबेरा पडतो. पहिल्या पावसाळ्यातलं फळ खाऊन 'ही जात भिकार' म्हणून झाड उपटणारे लोक मी बघितलेत. अरे थांबा की जरा! पाऊस संपत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी करा, रोगट पानं गोळा करून जाळा, शेणखत द्या. नव्या फुटीवर पानाच्या बगलेत फळ धरतं अन् उन्हाळ्याच्या तोंडाशी मीठा बहार हाती येतो. जातीचा न्याय याच फळावर करायचा, तोही निदान दोन वर्षं बघून. युरियाच्या नादी लागू नका, पानं हत्तीच्या कानाएवढी होतात अन् फळ एकही नसतं. छाटताना फुलबाह्या घाला, चीक अंगाला लागून वर ऊन बसलं की कातडी भाजल्यासारखी होते, मला मनगटावर महिनाभर डाग होता.

तोडायची घाई सगळ्यात वाईट, कारण अंजीर आंब्यासारखं अढीत पिकत नाही, तोडलं की मऊ होईल पण गोडी वाढणार नाही. रंगावर जाऊ नका, कडोटासारखं तर शेवटपर्यंत हिरवटच असतं. देठापाशी मान टाकून फळ खाली लोंबलं, बोटाला लोण्यासारखं लागलं, सालीवर बारीक चिरा दिसल्या अन् फळाच्या तळाच्या बारक्या भोकात मधासारखा थेंब आला की समजायचं. देठातून पांढरा चीक निघाला तर घाई झाली. बुलबुलांना हे सगळं आपल्या आधी कळतं, म्हणून फळ फुगायला लागलं की जाळीची छोटी पिशवी बांधायची.

चाखायला सकाळी तोडा, फ्रिजमध्ये टाकू नका, थंड अंजिराला वासच लागत नाही. दोन-तीन जातींची फळं एकदमच उभी चिरून ताटात मांडायची, कोणतं कुठलं ते फक्त चिरणाऱ्याला म्हायती. आधी आतला गर बघायचा, पांढरट-पिवळसर असला तर मधाकडं झुकणारी चव, लाल असला तर आंबटगोड. मधे चिमूटभर कोरडे मुरमुरे खायचे म्हणजे आधीची गोडी जिभेवर ऱ्हात नाही. साल सोलू नका, अर्धा फरक तिथंच असतो. आमच्याकडं असं ताट मांडलं तेव्हा आई, बायको अन् शेजारचे काका तिघांनीही न बघता दिनकरलाच पहिला नंबर दिला, अन् मी ज्या पनाशेसाठी तीन वर्षं वाट बघितली होती त्याला आई म्हणली, "हे नुसतं दिसायलाच बरं हाय."


आता या ऑक्टोबरच्या छाटणीतल्या दिनकरच्या काड्या काकांनी आधीच बुक करून ठेवल्यात.