गगनबावड्याच्या धुक्यात पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

शिमगा झाला की कोल्हापुरात दुपारी छत्री काढावी असं ऊन पडतं, आणि तिकडे गगनबावड्यात पहाटे दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. कोकणातली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, गार होते आणि घाटमाथ्यावर धुकं होऊन बसते. अशा सकाळी गेलेले बरेचजण हात हलवत परत येतात आणि खापर धुक्यावर फोडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चालत सुटणं. नेहमीच्या सवयीनं दोन-तीन किलोमीटर पायपीट होते, आणि पक्षी तुम्हाला दिसायच्या आधी तुमची चाहूल घेऊन उडून जातात. त्यापेक्षा फुललेलं झाड गाठा. फाल्गुनात काटेसावर, पांगारा, पळस बहरात असतात आणि त्यांच्या मधावर बुलबुल, जंगल मैना, शिंजीर येणारच. झाडापासून पंधरा-वीस पावलांवर बूड टेकून गप बसायचं. भडंगाची पुडी घरीच फोडून भडंग डब्यात भरून आणा, प्लास्टिकची कुरकुर धुक्यात फार लांब ऐकू जाते. सळसळणाऱ्या रेनकोटचंही तेच.

बसलात की पानं फसवायला लागतात. धुकं पानांवर साठून सारखं ठिबकत असतं, त्यामुळे सगळं झाड हलतंय असं वाटतं. मी पहिल्या वर्षी प्रत्येक थेंबाला दुर्बीण लावायचो. आता एक खूण ठेवलीय: पान एकदा दबून जागेवर आलं तर थेंब, फांदी शेंड्याकडून डोलत राहिली तर कुणीतरी बसलंय.

आकाराचा अंदाज हमखास चुकतो. शेजारी मोजायला काही नसतं आणि रंग धुवून गेलेले असतात. वाळक्या फांदीवर गरुड बसलाय म्हणून मी मित्राला खुणा करून बोलावलं, वीस मिनिटं श्वास रोखून बसलो. धुकं जरा विरलं तर कावळा! तेव्हापासून रंगाच्या मागे न लागता शेपटीची लांबी, चोचीची ठेवण आणि बसायची ढब वहीत लिहितो. नाव नंतर.

कानांवर भर द्या, पण मोबाईलमधल्या आवाज ओळखणाऱ्या ॲपवर डोळे झाकून विश्वास नको. ॲपनं सर्पगरुड सांगितला, तरी वर भृंगराज बसलेला असू शकतो, कारण तो इतर पक्ष्यांच्या बेमालूम नकला करतो. आणि धुक्यातून कुणीतरी खदाखदा हसल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, तो मलबारी राखी धनेश. दिसत नाही म्हणून स्पीकरवर आवाज लावून पक्ष्यांना बोलावणं मात्र साफ बंद. हा विणीचा हंगाम असतो, नर आपली हद्द सांभाळायला धावून येतो आणि घरट्याकडे दुर्लक्ष होतं.

दुर्बीण 10 पटीची असेल तर धुकंही तितकंच मोठं दिसतं, वर हात थरथरतो. 8×42 (आठ पट, 42 मिमीचं भिंग) पुरते. एसी गाडीतून थेट बाहेर काढलीत की काचा धुरकटतात. घाट चढतानाच एसी बंद करा. शर्टाच्या टोकानं पुसू नका, चरे पडतात. बाहेरची वाफ आपोआप जाते. आतून धुरकटली असेल तर उघडायच्या भानगडीत न पडता दुरुस्तीला द्या. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस पुढे-मागे हुंदडत राहिला तर हातानं फोकस करा आणि एक्सपोजर एक घर वाढवा, नाहीतर पांढरं धुकं मळकट राखाडी येतं.

दाजीपूर-राधानगरीकडे जाणार असाल तर गवा विसरू नका. 1958 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य गव्यांसाठीच प्रसिद्ध आहे, आणि धुक्यात काळा दगड समजून जवळ जाल तर तो उठून उभा राहील. प्रवेशाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या, दोन्ही घ्याच. घाटात गाडीचा हाय बीम लावू नका, उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

आणि साडेआठला कंटाळून गाडी माघारी वळवू नका. साधारण नऊ-साडेनऊला धुकं वर उचलायला लागतं, तेव्हा ओले झालेले पक्षी शेंड्यावरच्या उघड्या फांद्यांवर पंख फुलवून ऊन खायला बसतात. सकाळभराची कसर त्या अर्ध्या तासात भरून निघते. कोल्हापुरात मिसळ अकरा वाजताही मिळते.